तुसड्या, माणूसघाण्या माणसांचे सिनेमे : त्यांच्या दारात शिडी मागायला कोण जातं?

रानजाई

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. सत्तरी ओलांडलेली, एकटेच. मी त्यांच्या अगदी वरच्या घरात भाड्याने आले त्या दिवशी जिन्यात चिठ्ठी दिसली, 'चपला दाराबाहेर काढू नयेत.' पार्किंगमध्ये दुसरी, पाण्याच्या मोटरच्या बटणाशेजारी तिसरी. घरमालकांनी आधीच बजावलं होतं की त्यांच्या नादी लागू नका. दोन वर्षं मी लागले नाही.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला माझ्या बेसिनखालचा पाइप सुटला. प्लंबर फोन उचलेना. ओटा, फरशी सगळीकडे पाणी, आणि ते झिरपणार काकांच्याच छतातून. शेवटी खाली जाऊन बेल वाजवली आणि पाना मागितला. ते काही बोलले नाहीत. हत्यारांची पेटी घेऊन वर आले, आधी मुख्य कॉक बंद केला (तो कुठे आहे हे मला ठाऊकच नव्हतं), टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून पाइप बसवला आणि जाताना म्हणाले, "वॉशर गेलाय. बदला." दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराच्या कडीला कागदाची पुडी. आत वॉशर. पुडीवर सुरेख अक्षरात 'अर्धा इंच'. बाकी काही नाही.

त्याच आठवड्यात मी 'अ मॅन कॉल्ड ओव्ह' पुन्हा पाहिला. २०१५चा स्वीडिश सिनेमा, दिग्दर्शक हानेस होल्म. फ्रेड्रिक बॅकमनच्या कादंबरीवरचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा रडले होते ते त्याच्या बायकोच्या (सोन्या तिचं नाव) आठवणींच्या प्रसंगांना. या वेळी लक्ष गेलं ते भलतीकडेच. ओव्ह एकोणसाठ वर्षांचा. त्रेचाळीस वर्षं नोकरी केल्यावर त्याला घरी बसवलंय. बायको गेली आहे, त्याला जगायचंही नाही. रोज सकाळी वसाहतीत गस्त घालतो, गाड्या आत आणणाऱ्यांवर खेकसतो. आणि समोर राहायला आलेली परवाने, इराणी, पोटुशी, दोन लहान मुली, नवरा कामात अगदी वेंधळा. ती ओव्हला एकदाही समजावत नाही. ती फक्त कामं घेऊन येते. नवऱ्याला शिडी हवीय. नवरा शिडीवरून पडला, दवाखान्यात पोचवा. मला गाडी शिकायचीय, शिकवा. प्रत्येक वेळी तो कुरकुरतो आणि प्रत्येक वेळी जातो.

मला वाटतं या जातीच्या चांगल्या सिनेमांची खूण हीच. तुसड्या माणसाला प्रेमाने कुणी बदलत नाही. कुणीतरी त्याच्याकडे काहीतरी मागतं, आणि मागताना गृहीत धरतं की हा देईल. शेवटीही ओव्हचा स्वभाव फारसा बदललेला नसतो. तो तसाच करवादतो, नियमांवर बोट ठेवतो. त्याच्या हातांना गिऱ्हाईक मिळतं, एवढंच.

तुम्हाला आवडलेले असे सिनेमे लिहा. भाषा कुठलीही चालेल. नुसती यादी नको. तो माणूस नेमका कुठल्या क्षणी हलला, ते लिहा.

---

पारंबी

धागा आवडला, रानजाई. वॉशरची पुडी डोक्यातून जाणार नाही.

माझं उत्तर 'द लंचबॉक्स' (२०१३, रितेश बत्रा). साजन फर्नांडिस, विमा दाव्यांच्या विभागातला कारकून, निवृत्तीला महिना उरलेला. विधुर. घरासमोर खेळणाऱ्या पोरांना हाकलतो. समोरच्या घरातलं कुटुंब एकत्र जेवताना त्याला खिडकीतून दिसतं. त्याला चुकून दुसऱ्याचा डबा येऊ लागतो आणि डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो हलतो ते डबा पाठवणाऱ्या इलाच्या चिठ्ठीने नव्हे, असं माझं मत. तो हलतो शेखमुळे.

नवाजुद्दीनचा शेख त्याची जागा घेणार म्हणून शिकायला आलेला. साजन त्याला दिवसच्या दिवस टाळतो. मग एक दिवस डब्यातलं जेवण त्याच्यापुढे सरकवतो. तिथून पुढे दोघं एका टेबलावर. शेख लोकलमध्ये ऑफिसच्या फायली मांडीवर घेऊन भाजी चिरतो, का तर घरी गेल्यागेल्या फोडणीला टाकता यावी. मुंबईत लोकलने वर्षानुवर्षं प्रवास केलेल्या कुणालाही हे खोटं वाटणार नाही. माझी आई ठाणे ते सीएसटी मटार सोलत आली आहे.

इरफान त्या पात्राला कुठेही 'गोड म्हातारा' होऊ देत नाही. एका चिठ्ठीत तो लिहितो की बायको गेली तेव्हा तिला आडवी जागा मिळाली, आता दफनभूमीत उभ्याच जागा शिल्लक आहेत. जन्मभर गाडीत उभं राहिलो, मेल्यावरही उभंच राहायचं. हे तो शांतपणे लिहितो. ती चिठ्ठी वाचणारी बाई आपला नवरा आपल्याशी का बोलत नाही या विवंचनेत आहे. दोघांचं दुःख एकमेकांशी जुळणारं नाही, तरी ते डब्यात बसतं.

---

हिवाळवेळ

स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून लिहितेय, नऊ वर्षं झाली इथे. इथे 'ओव्ह' या नावाचा उच्चार 'ऊवे' असा करतात, म्हणून मी तसंच लिहिते.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला साब आणि व्होल्वो गाड्यांचं भांडण गंमत म्हणून आवडतं, पण इथे राहिल्यावर त्याची खोली कळते. ऊवे आणि रुने, दोघे जिवलग मित्र, मिळून वसाहतीचे नियम केलेले. एक साब घेणार, दुसरा व्होल्वो, आणि त्यावरून मैत्री तुटत जाते. व्होल्वो १९२७ पासून आमच्या गावची. साबचं ट्रॉलहॅटन इथून उत्तरेला गाडीने तासाभरावर. साबने डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. बॅकमनची कादंबरी आली २०१२ मध्ये. म्हणजे जन्मभर एकाच कंपनीची गाडी घेतलेल्या माणसाची गोष्ट वाचकांच्या हाती आली तेव्हा ती कंपनी बंद पडलेली होती. बायको गेली, नोकरी गेली आणि ज्या गाडीवर निष्ठा ठेवली तिचा कारखानाही गेला. माझ्या शेजारच्या आजोबांकडे जुनी साब आहे. ते तिच्याविषयी बोलतात तेव्हा मी मध्ये बोलत नाही.

वसाहतीतल्या गस्तीबद्दलही. इथल्या बऱ्याच वसाहतींमध्ये वसंतात आणि शरदात 'स्टेडदाग' असतो, म्हणजे सगळ्यांनी मिळून आवार साफ करायचं. फावडी, पानं गोळा करायचे दाताळे, शेवटी कॉफी आणि भाजलेले सॉसेज. माझ्या शेजाऱ्यांशी मी पहिल्यांदा धड बोलले ती तिथेच, दाताळं कसं धरायचं यावरून. तोपर्यंत सात महिने नुसती मान हलवणं. रानजाई म्हणते ते काम मागण्याचं मला पूर्ण पटतं. इथे 'कसे आहात' विचारून कुणी उघडत नाही. 'हे कसं करतात' विचारलं की अर्धा तास बोलतात.

एक सूचना मात्र सगळ्यांसाठी. सिनेमात ऊवे पुन्हा पुन्हा आत्महत्येचा प्रयत्न करतो. मांडणी हळुवार आहे, तरी घरात कुणी तशा काळातून जात असेल तर आधी माहीत असू द्या, आणि एकट्याने पाहू नका.

---

उत्तररात्र

मी इथे वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

माझे वडील तिरसट होते. शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करून देत, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात नेत. सगळी गल्ली म्हणायची, फणसासारखा माणूस, बाहेरून काटे, आत गरे. आम्हा घरच्यांना फक्त काटे मिळाले. आई चाळीस वर्षं आवाज न करता भांडी घासायला शिकली. म्हणून हे सिनेमे बघताना माझ्या मनात येतं की ही गोष्ट शेजाऱ्याच्या बाजूने सांगितली आहे. घरच्यांच्या बाजूने सांगा मग.

'अ‍ॅज गुड अ‍ॅज इट गेट्स' (१९९७) मला बघवत नाही. जॅक निकल्सनचा मेल्विन शेजारच्या चित्रकाराला तो समलिंगी आहे म्हणून तोंडावर वाट्टेल ते बोलतो, त्याचं कुत्रं कचऱ्याच्या नळीत टाकतो, हॉटेलात जेवण वाढणाऱ्या कॅरलला तिच्या आजारी मुलावरून बोलतो. नंतर त्याच मुलासाठी डॉक्टर पाठवतो आणि आपण विरघळायचं. निकल्सन आणि हेलन हंट दोघांनाही ऑस्कर मिळालं, अभिनय दोघांचाही उत्तम आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण जखम केलेल्याने औषधाचे पैसे भरले म्हणून टाळ्या का वाजवायच्या?

---

रानजाई

उत्तररात्र, राग कसला. तुमच्या आईचं भांडी घासणं वाचलं आणि बराच वेळ पुढे लिहिता आलं नाही.

ऊवेमध्ये (हिवाळवेळ, सुधारलं) मला एक फरक दिसतो. त्याच्या घरच्या माणसाला, सोन्याला, काटे मिळाले नव्हते. बसच्या अपघातात तिचं पोटातलं बाळ गेलं आणि ती चाकाच्या खुर्चीत आली. शिक्षिका झाली, पण शाळेत खुर्ची वर न्यायला उतार नाही म्हणून नोकरी मिळेना. ऊवे कार्यालयांना पत्रं लिहून थकतो आणि शेवटी रात्री पावसात जाऊन स्वतःच लाकडी उतार बांधतो. त्याचा राग नियम मोडणाऱ्यांवर आहे, कारण नियम करणाऱ्यांनी त्याच्या बायकोला दाराबाहेर ठेवलं. मेल्विनच्या रागाला असं काही कारण नाही, सिनेमा ते त्याच्या मानसिक आजाराच्या खात्यावर टाकतो. तुमचं म्हणणं मला तिथे बरोबर वाटतं.

---

गलबत

एक अर्जेंटिनाचा सिनेमा सुचवतो, 'उन क्वेंतो चीनो' (२०११), दिग्दर्शक सेबास्तियान बोरेन्झ्तेन, मुख्य भूमिकेत रिकार्दो दारीन. माझं स्वतःचं हार्डवेअरचं दुकान आहे म्हणून हा सिनेमा मला जवळचा.

ब्युनोस आयर्समध्ये रोबेर्तोचं हार्डवेअरचं दुकान. खोक्यावर जेवढे लिहिलेत तेवढे खिळे आत आहेत का, हे तो एकेक मोजून बघतो. कमी भरले की घाऊक विक्रेत्याला फोन करून भांडतो. रात्री बरोबर अकराला दिवा बंद. वर्तमानपत्रांतल्या विचित्र मृत्यूंच्या बातम्या कापून वहीत चिकटवतो. १९८२च्या, ब्रिटनविरुद्धच्या फॉकलंड युद्धातून परत आलेला हा माणूस. गिऱ्हाइकांवर खेकसतो, आणि त्याच्यावर जीव असलेल्या मारीला टाळत राहतो.

एक दिवस त्याच्यासमोर टॅक्सीतून एका चिनी तरुणाला लुटून ढकलून देतात. जुन त्याचं नाव. स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. चुलत्याला शोधायला आलाय. रोबेर्तो त्याला घरी ठेवतो, मुदत ठरवून, दिवस मोजून. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही हीच या सिनेमाची ताकद. समजावणं, मन मोकळं करणं, क्षमा मागणं, काहीच शक्य नाही. उरतं काय, तर एका टेबलावर जेवणं आणि अडगळीची खोली साफ करणं. शेवटी चिनी जेवण पोचवणाऱ्या पोराला दुभाषा म्हणून बसवतात आणि जुनची हकिकत कळते. ती इथे सांगत नाही. सिनेमाची सुरुवात आकाशातून पडणाऱ्या गाईने होते, ते तेवढं लक्षात ठेवा.

खिळ्यांबद्दल. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटतो. आमच्या धंद्यात वडीलधारी माणसं अजूनही पाकिटं मोजतात. मोजणाऱ्याला वाटत असतं की जगात निदान एवढं तरी बरोबर भरावं. दारीनचा चेहरा ते न बोलता सांगतो.

---

तिसरी_घंटा

सगळे पुरुषच का आले इथे? खाष्ट, एकट्या बायकांचे सिनेमे कमी आहेत हे खरं, पण या प्रकारातला मी पाहिलेला सर्वांत मोठा सिनेमा एका बाईचाच आहे. 'सेंट्रल स्टेशन', ब्राझील, १९९८, वॉल्टर सालेस. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सुवर्ण अस्वल (तिथला सर्वोच्च पुरस्कार) आणि फर्नांडा मोंतेनेग्रोला अभिनयाचं रौप्य अस्वल.

दोरा निवृत्त शिक्षिका. रिओच्या स्टेशनात टेबल टाकून निरक्षर लोकांची पत्रं लिहून देते. लोक रडत, हसत मजकूर सांगतात, ती निर्विकारपणे उतरवते. आणि घरी नेऊन ती पत्रं टाकतच नाही. काही फाडते, काही ड्रॉवरमध्ये. एवढी कठोर नायिका दुसरी सांगा. पत्र लिहून घेणारी एक बाई स्टेशनबाहेर बसखाली जाते, तिचा नऊ वर्षांचा मुलगा जोझुए स्टेशनातच राहू लागतो. दोरा त्याला काय करते? विकते. दत्तकाच्या नावाखाली मुलं घेणाऱ्यांना. आणि त्या पैशांचा नवा टीव्ही आणते.

उत्तररात्र, तुमच्या प्रश्नाला हा सिनेमा थेट भिडतो. दोराला कुणी फणस म्हणत नाही. तिच्या हातून अपराध झालाय आणि तो पुसला जात नाही. त्या रात्री तिला झोप लागत नाही, सकाळी ती मुलाला तिथून पळवून आणते आणि मग दोघं त्याच्या बापाच्या शोधात बसने ईशान्य ब्राझीलकडे निघतात. वाटेत पैसे संपतात. यात्रेच्या गावात मुलालाच सुचतं की इथेही पत्रं लिहून देऊ. तिथे दोरा लोकांची पत्रं लिहिते तेव्हा कॅमेरा पुन्हा चेहऱ्यांवर जातो, अगदी स्टेशनातल्यासारखा. फरक दोराच्या ऐकण्यात आहे. पहिल्या वेळी ती टाइपरायटरसारखी बसलेली, आता ती ऐकते. मोंतेनेग्रो हे फक्त डोळ्यांनी करते.

जोझुए झालेला व्हिनिसियस द ओलिव्हेरा खऱ्या आयुष्यात बूटपॉलिश करणारा मुलगा होता. सालेसला तो विमानतळावर भेटला. आणि तुम्ही 'आय अ‍ॅम स्टिल हिअर' पाहिला असेल तर त्यातली फर्नांडा तोरेस ही मोंतेनेग्रोची मुलगी, दिग्दर्शक तोच.

---

मुळाक्षर

'परिचय' (१९७२) राहिला. गुलजारांचा. प्राण यांचे रायसाहेब, शिस्तीचे पुतळे, मुलाला घराबाहेर काढलेलं, आता त्याचीच पोरकी मुलं घरात आणि आजोबांशी वैर धरून. शिकवायला आलेला जीतेंद्र मुलांना मोकळं करतो हे सगळे सांगतात. मला आठवतात ते प्राण. खलनायकाच्या भूमिकांनी ज्याला बघून लोक घाबरायचे, त्या माणसाने नातवंडांपुढे अवघडलेला म्हातारा केला.

आणि मराठीतला 'कासव'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर, २०१६च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ. यातला माणूसघाणा म्हातारा नाही, तरुण आहे. आलोक राजवाडेचा. जीव द्यायचा प्रयत्न करून भटकत निघालेला, आजारी. इरावती हर्षेची जानकी त्याला कोकणातल्या घरी आणते आणि एकही प्रश्न विचारत नाही. नाव नाही, गाव नाही, का केलंस नाही.

---

पारंबी

'कासव'साठी धन्यवाद, मुळाक्षर. त्यात रानजाईच्या म्हणण्याला छेदही आहे. तिथे कुणी त्या मुलाकडे काम मागत नाही. उलट त्याच्याकडून काहीच अपेक्षित नाही. जेवणाचं ताट ठेवलं जातं, जेवला तर जेवला. जानकी स्वतः त्या अंधारातून गेलेली आहे म्हणून तिला हे जमतं. पाठीमागे किनाऱ्यावर मोहन आगाशेंचे दत्ताभाऊ कासवांची अंडी जपतायत. ऑलिव्ह रिडले मादी शंभरेक अंडी वाळूत घालून समुद्रात निघून जाते, परत बघायला येत नाही. पिल्लं आपली आपण पाण्याकडे सरपटतात. माणसांनी फक्त कोल्ह्याकुत्र्यांपासून जपायचं आणि वाट मोकळी ठेवायची.

कदाचित वयाचा फरक असेल. म्हाताऱ्याला आपला उपयोग संपला असं वाटत असतं, त्याला काम हवं. तरुणाच्या मानेवर अपेक्षांचं ओझं, त्याला ते काढून हवं.

---

उत्तररात्र

तिसरी_घंटा, 'सेंट्रल स्टेशन' काल रात्री पाहिला. टीव्हीच्या प्रसंगानंतर थांबवला होता, मग पुन्हा लावला. दोरा शेवटी पहाटे मुलाला न उठवता निघून जाते आणि बसमध्ये बसून पत्र लिहिते. कुणी तिला माफ केलं असं सिनेमा म्हणत नाही. मला तेवढं पुरेसं होतं.

घरच्यांच्या बाजूने सांगितलेला एक सिनेमा मलाही सापडला. मल्याळम, 'अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५' (२०१९), दिग्दर्शक रतीश बालकृष्णन पोदुवाल. केरळातलं पय्यन्नूर. सुराज वेंजारामूडूचा भास्करन म्हणजे हट्टी, यंत्रांचा तिटकारा असलेला बाप. मुलगा इंजिनिअर, पण बापासाठी प्रत्येक नोकरी सोडून परत आलेला. शेवटी तो रशियाला जातो आणि वडिलांची काळजी घ्यायला एक यंत्रमानव आणून ठेवतो. शिव्या देणारा बाप हळूहळू त्या यंत्राला कपडे शिवून घालतो, बरोबर फिरायला नेतो, मुलासारखं वागवतो. आणि खरा मुलगा हे बघतो. जी माया त्याला मिळाली नाही ती यंत्राला मिळताना. तिथे मी रडले. माझ्या वडिलांना गल्लीतल्या पोरांच्या सायकली दुरुस्त करताना मी खिडकीतून असंच बघायची.

सगळं गोड करून संपवलेलं नाही. जरूर बघा.

---

रानजाई

सगळ्यांना उत्तरं द्यायची आहेत, उत्तररात्रना तर वेगळं लिहीन. आज फक्त रविवारचं सांगते.

काकांना 'लंचबॉक्स' दाखवला. हिंदी आहे, म्हणून तोच निवडला. माझ्याच घरी. ते खुर्ची स्वतःची घेऊन आले. पूर्ण सिनेमात एक शब्द नाही. शेवटी लोकलमध्ये डबेवाले भजन म्हणतात तिथे मात्र बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. संपल्यावर मी चहा टाकायला उठले, तर त्यांनी विचारलं, "ती वरच्या मजल्यावरची बाई शेवटपर्यंत दिसलीच नाही?"

नाही दिसली, म्हटलं. देशपांडे आंटी. भारती आचरेकरांचा नुसता आवाज आहे. दोरीला टोपली बांधून इलाच्या खिडकीत मसाले सोडतात त्या.

काका काही वेळ माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले की या घरात आधी राहायच्या त्या बाई आणि आपली बायको, अशीच टोपली होती दोघींची. कढीपत्ता, विरजण, वर्तमानपत्राची पुरवणी. एकोणीस वर्षं. चहा तसाच ठेवून ते खाली गेले. मला वाटलं, आता येत नाहीत. दहा मिनिटांनी आले, हातात वेताची टोपली, माळ्यावरून काढलेली. धूळ पुसलेली. दोरी कुजली होती.

"सुतळी आणू नका," म्हणाले. "उन्हात टिकत नाही. नायलॉनची आणा, आठ मीटर."

गलबत, तुमच्या दुकानात मिळेल का?